समुपदेशनातला ‘उपदेश’

कोहमाऱ्याच्या चौकात बस बदलण्यासाठी थांबणे हा गेली अनेक वर्षे आमच्या नोकरीचा भाग आहे. नकाशात पाहिले तर गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे एक लहानसे गाव. पण मुंबई-कोलकाता महामार्ग आणि गोंदियाहून येणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, म्हणून गावापेक्षा त्याचा चौकच अधिक प्रसिद्ध. जुने लोक या महामार्गाला अजून ‘सहा नंबर’ म्हणतात, कागदोपत्री २०१० पासून तो ५३ क्रमांकाचा झाला असला तरी. पश्चिमेला साकोली, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, उत्तरेला गोरेगाव आणि गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. आमचे विद्यार्थी या चारही दिशांनी येतात आणि येताना चार तऱ्हेच्या भाषा घेऊन येतात. कुणाच्या घरात झाडीबोली, कुणाच्या घरात पोवारी, कुणाच्या आजीची गोंडी किंवा हलबी, देवरीकडच्या मुलांच्या बोलण्यात छत्तीसगढीची लय. वर्गात आल्यावर मात्र सगळ्यांनी एकाच मराठीत बोलावे अशी अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा बाळगण्यासाठी नेमलेली माणसे म्हणजे आम्ही.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक आहोत. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. आमच्यापैकी एक पश्चिम महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आला आणि राहिला; दुसरी याच जिल्ह्यातली, पोवारी बोलणाऱ्या घरातली, आणि शाळेत असताना ‘शुद्ध’ बोलत नाही म्हणून बाकावर उभी राहिलेली. हे सांगायचे कारण पुढे येईल. महाविद्यालयांतून समुपदेशन कक्ष असावेत असे ठरल्यानंतर आमच्या महाविद्यालयातही एका खोलीच्या दारावर तशी पाटी लागली, आणि मानसशास्त्राचा विभाग नसल्यामुळे ती खोली मराठी विभागाच्या वाट्याला आली. तर्क असा की साहित्य शिकवणाऱ्यांना माणसाच्या मनाचे बरेच कळत असेल. हा तर्क आम्हालाही तेव्हा सुखावून गेला होता, हे कबूल केले पाहिजे.

‘समुपदेशन’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे हे ध्यानात येत नाही. इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द घडवताना कुणीतरी ‘उपदेशा’ला ‘सम्’ जोडला आणि आपली सोय झाली. पण ज्या विद्येचा पहिला धडाच ‘उपदेश करू नका’ असा आहे, तिचे मराठी नाव उपदेशावरून पडावे यात एक गंमत आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मात्र यात गमतीचे काही वाटत नाही. ते उपदेशच घ्यायला येतात. ‘सर, याला चार गोष्टी समजावून सांगा’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की कक्षाच्या पाटीवर तेच लिहावे असे कधी कधी वाटते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो.

कक्ष सुरू झाला त्या पहिल्या वर्षी आम्ही एक छापील अर्ज तयार केला होता. नाव, वर्ग, आणि खाली ‘आपली समस्या थोडक्यात लिहा’. पावसाळा संपता संपता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी आली. रोवणीच्या दिवसांत ती महिनाभर वर्गात नव्हती, तशी आमच्याकडची निम्मी मुले नसतात, म्हणून आम्हाला त्याचे काही वाटले नव्हते. ती काही बोलेना. आम्ही अर्ज पुढे केला. तिने बराच वेळ घेऊन पाचसहा ओळी लिहिल्या. रातभर डोरा लागत नाही, कोनाशी बोलावं वाटत नाही, पानीही गोड लागत नाही, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. आम्ही कागद घेतला, वाचायला लागलो, आणि वाचता वाचता आमच्यापैकी एकाच्या हातातल्या लाल पेनाने ‘डोरा’भोवती गोल केला, ‘कोनाशी’मधला ‘न’ खोडून ‘ण’ लिहिला, आणि ‘पानी’खाली रेघ ओढली. मुद्दाम नव्हे. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हाताची ती सवय होती. तो हात कोणाचा होता हे आम्ही दोघे आता कुणाला सांगत नाही. एकमेकांनाही त्याची आठवण करून देत नाही. दुसऱ्याचा हातही तसाच चालला असता, हे दोघांनाही ठाऊक आहे.

मुलीने ते पाहिले. ती काही म्हणाली नाही. ‘सर, दुसरा कागद द्या, शुद्ध लिहून आणतो’ एवढेच म्हणून (आमच्याकडच्या मुली असेच बोलतात, ‘आणतो’) तिने तो कागद उचलला आणि निघून गेली. ती पुन्हा त्या खोलीत आली नाही. दिवाळीनंतर महाविद्यालयातही आली नाही. तिने शिक्षण सोडण्याची कारणे दुसरीही असतील, नव्हे असणारच. आमच्या लाल शाईला तेवढे महत्त्व देणे हाही एक अहंकारच ठरेल. पण तिची झोप कशाने उडाली होती हे आम्हाला कळले नाही, आणि न कळण्याचे कारण आम्ही होतो, एवढे निश्चित.

त्यानंतर काही काळाने कोहमाऱ्याजवळच एका सभागृहात समुपदेशकांसाठी प्रशिक्षण भरले. शाळांतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि आमच्यासारखे काही प्राध्यापक असा संमिश्र वर्ग होता. विषय होता ‘समन्वयी समुपदेशन आणि सांस्कृतिक भिन्नता’. आम्ही गेलो ते जरा अपराधी मनाने आणि जरा शंकेखोरपणाने. ‘समन्वय’ हा शब्द मराठी समीक्षेत ज्या सैल रीतीने वापरला जातो, त्यामुळे तो ऐकला की आम्ही सावध होतो. दोन विरोधी मते मांडून झाली की शेवटच्या परिच्छेदात समन्वय साधणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पण इथला समन्वय तसा नव्हता, आणि तो समजून घेण्यासारखा निघाला. मानसोपचाराच्या अनेक शाखा आहेत आणि प्रत्येकीचा माणसाविषयीचा एक सिद्धान्त आहे. मनोविश्लेषण भूतकाळाकडे आणि अबोध मनाकडे पाहते. वर्तनवाद सवयींकडे पाहतो. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धती माणसाच्या अविवेकी समजुतींवर बोट ठेवते. कार्ल रॉजर्स उपचारकाच्या स्वीकारशील उपस्थितीलाच उपचार मानतो. एलिस मराठी वाचकांना नवा नाही. कि. मो. फडके यांनी त्याचे विचार आपल्याकडे रुजवले आणि अंजली जोशी यांनी तर ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. प्रश्न असा की इतक्या शाखांपैकी कोणती खरी? १९३६ मध्येच सॉल रोझेनझ्वाइग या मानसशास्त्रज्ञाने असे सुचवले होते की या पद्धतींमध्ये जे समान घटक आहेत तेच कदाचित परिणाम घडवत असावेत. पुढे चार वाटा स्पष्ट झाल्या. समान घटकांवर भर देणारी एक. सिद्धान्ताचा आग्रह न धरता निरनिराळ्या पद्धतींतली तंत्रे निवडून घेणारी दुसरी. दोन सिद्धान्तांचा खरोखर नवा सांधा जुळवू पाहणारी तिसरी. आणि एका सिद्धान्तात पाय रोवून बाहेरचे थोडे थोडे आत्मसात करणारी चौथी. आमच्या शेजारी बसलेल्या एका गुरुजींनी हे धानाच्या भाषेत समजून घेतले: बांधी आपलीच, धुरेही आपलेच, पाणी मात्र शेजारच्या बोडीतूनही घ्यायचे. चौथ्या वाटेचे इतके नेमके वर्णन आम्हाला नंतर कुठल्या पुस्तकात मिळाले नाही.

एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये केलेली मांडणीही तिथेच प्रथम ऐकली. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात असे तो म्हणतो: जिव्हाळा, कुठे पोहोचायचे याविषयीचे एकमत, आणि त्यासाठी काय करायचे याविषयीचे एकमत. वरवर पाहता हे साधे आहे. पण आमच्या अर्जाकडे या नजरेने पाहिल्यावर दिसले की तिन्ही गोष्टी आम्ही एकतर्फी ठरवून टाकल्या होत्या. समस्या ‘थोडक्यात’ असली पाहिजे, ती लिहिता आली पाहिजे, आणि ती ‘समस्या’ असली पाहिजे, हे सारे त्या एका छापील ओळीत आम्ही त्या मुलीवर लादले होते. लाल पेन नंतर आले.

रॉजर्सविषयी बोलणे सुरू झाले तेव्हा मात्र आम्ही जागे झालो. १९५७ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधात तो असे मांडतो की समोरच्याचे अंतरंग जणू आपलेच आहे असे अनुभवावे, पण त्यातला ‘जणू’ कधी सुटू देऊ नये. हे ऐकताना आम्हा दोघांना एकदमच न. चिं. केळकर आठवले. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण त्याचे स्वतःचे भान पूर्णपणे विरत नाही. एकाच वेळी तो तोही असतो आणि आपणही असतो, आणि वाङ्मयीन आनंद या दुहेरीपणातून येतो. ‘सविकल्प समाधी’ आणि रॉजर्सचा ‘जणू’ यांत छत्तीस वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याला वाचले असण्याचा संभव नाही. तरीही परानुभवात शिरताना स्वतःचे भान किती ठेवायचे हा प्रश्न दोघांचाही आहे. आपल्या विद्यार्थ्यांना आपण केळकर परीक्षेपुरते शिकवतो. या कामी ते उपयोगी पडतील असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

चहाच्या सुट्टीत आम्ही या शोधावर फार खूश होतो. पण दुपारी जे घडले त्याने त्या आनंदाला मर्यादा घातली.

दुपारी भूमिका वठवण्याचा सराव होता. एका आशा ताईंनी त्रस्त बाईची भूमिका घ्यायची आणि आमच्यापैकी एकाने समुपदेशकाची. खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आम्ही नुकतेच शिकलेले सगळे पाळले: मान किंचित पुढे, आवाज मऊ, घाई नाही. आणि विचारले, ‘‘ताई, तुम्हाला याविषयी काय वाटतं?’’ ताई म्हणाल्या, ‘‘मले काय वाटन? तुमीच सांगा.’’ सभागृह हसले. आम्ही पुन्हा निराळ्या शब्दांत तेच विचारले. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा त्या भूमिकेतून बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, ‘‘सर, असं तोंडासमोर बसून डोळ्यात पाहून कोन बोलते? हे तर ठाण्यात बसल्यावानी झालं. आमी तांदूळ निवडता निवडता बोलतो. मोहफुलं वेचता वेचता बोलतो. हात कामात असला की तोंड उघडते. आन् ‘काय वाटते’ म्हनून कोनी इचारत नाही, ‘मंग काय झालं’ म्हनून इचारतात.’’

‘काय वाटतं’ आणि ‘मग काय झालं’. साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक समजायला हवा होता. पहिला प्रश्न भावगीताकडे नेतो, दुसरा कथेकडे. आपल्या भावनेला नाव देऊन ती वेगळी काढून दाखवणे ही सर्व माणसांची उपजत रीत नाही. ती एक शिकलेली वाङ्मयीन रूढी आहे आणि ती शिकण्याची सवड सर्वांना सारखी मिळालेली नसते. ज्या बाईला आपल्या वाटण्याविषयी आयुष्यात कोणी विचारले नाही, तिला तो प्रश्न सहानुभूतीचा न वाटता परीक्षेचा वाटतो. पण घडले ते सांगायला ती बसली तर तिचे वाटणे प्रत्येक वाक्यात असते. तुम्हाला ते ऐकता आले पाहिजे.

‘‘तुमीच सांगा’’ यालाही अर्थ होता. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेला समुपदेशक याला परावलंबन म्हणेल. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्येच या गृहीतकाला आव्हान दिले होते. नेकी मनोविकारतज्ज्ञ होते आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेले पंजाबी कवीही. भारतीय माणूस उपचारकाकडे समान पातळीवरचा सहकारी म्हणून येत नाही. त्याच्या मनात गुरू-शिष्य नात्याचा साचा असतो, आणि तो साचा मोडण्याऐवजी उपचारासाठी वापरता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. समन्वयाची खरी कसोटी इथे लागते असे आम्हाला वाटते. उपदेश नकोच म्हणून गप्प बसलो तर समोरची बाई समजते की यांनी आपल्याला झिडकारले. उपदेश केला तर तिचे बोलणे तिथेच संपते. मधली वाट अशी की आधी थोडा आधार, एखादी ठोस गोष्ट द्यावी, विश्वास बसू द्यावा, आणि मग हळूहळू प्रश्न तिच्याकडे परत सोपवावा. ‘समुपदेशना’तल्या ‘उपदेशा’ला इतकी जागा राहू द्यायला हरकत नसावी.

हे सारे आमच्या कोपऱ्यातले अनुभव म्हणून सोडून देता आले असते. पण गोव्यात आणि विदर्भातच याचे मोठे प्रयोग झाले आहेत. गोव्यात ‘संगत’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी चोवीस प्राथमिक आरोग्य सुविधांमध्ये ‘मानस’ हा प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडे नैराश्य आणि चिंता यांच्या रुग्णांचे काम सोपवले आणि त्यांच्यामागे डॉक्टरांचा आधार उभा केला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत याचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. आपल्या विदर्भातला ‘विश्राम’ हा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झाला, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या प्रकल्पाच्या इंग्रजी नावात आजाराचा उल्लेख नाही. ‘ताण’ आणि ‘आरोग्य’ हे दोनच शब्द आहेत. ‘नैराश्य’ म्हटले की माणूस दार लावून घेतो, ‘टेन्शन’ म्हटले की बसायला पाट देतो, हे गावात काम केलेल्या कुणालाही माहीत असते.

तरीही पद्धत एका मातीतून उचलून दुसऱ्या मातीत लावताना पाहून घ्यावे लागते. गोव्यातच विकसित झालेल्या नैराश्यावरच्या एका यशस्वी पद्धतीचा गाभा असा आहे की माणसाला हळूहळू पुन्हा कामाकडे, आनंद देणाऱ्या कृतींकडे वळवावे. प्रशिक्षणात हे ऐकल्यावर एका अंगणवाडी सेविकेने विचारले, ‘‘रोवणीच्या दिवसांत पहाटेपासून चिखलात वाकलेल्या बाईला मी आणखी कोणतं काम सांगू?’’ पद्धत चूक नव्हती. ‘कृती’ म्हणजे काय हे त्या बाईच्या दिवसात शिरून ठरवावे लागेल, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. कदाचित तिच्यासाठी कृती म्हणजे अर्धा तास काहीही न करता मैत्रिणीकडे जाऊन बसणे ही असेल. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायकांकडून झाडांविषयी ऐकलेल्या गोष्टींचे ‘गोईण’ हे पुस्तक अनेकांनी वाचले असेल. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. ज्या समाजाच्या भाषेत त्या नात्याला स्वतंत्र नाव आहे, तिथे समुपदेशकाने स्वतःला पहिला आधार समजू नये.

इथवर लिहिल्यावर असे वाटण्याचा संभव आहे की आम्हाला संस्कृती नावाची किल्ली सापडली. तसे आम्हालाही वाटले होते, आणि त्याची शिक्षा लवकरच मिळाली. प्रशिक्षणात आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञाच्या प्रश्नांची ओळख झाली होती: तुमच्या मते हे कशामुळे झाले, तुम्ही याला काय म्हणता, तुम्हाला कशाची भीती वाटते. हे प्रश्न चांगले आहेत. नव्या उत्साहात असताना एक गोंड विद्यार्थी कक्षात आला. छातीत धडधडते, अभ्यास होत नाही म्हणाला. आम्ही फार समजूतदार चेहऱ्याने विचारले, ‘‘तुमच्याकडे याला काय म्हणतात? घरच्यांनी भुमकाला दाखवलं का?’’ तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, मला बँकेच्या परीक्षेची भीती वाटते. भुमका काय करेल?’’

माणसाला ऐकण्याऐवजी आम्ही त्याच्या आडनावाला ऐकत होतो. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला जाणारे आणि न जाणारे, गोंडी बोलणारे आणि तिचा एक शब्दही न येणारे, देव मानणारे आणि न मानणारे, सगळे एकाच समाजात असतात. एकाच घरातही असतात. मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९८ मध्ये ‘सांस्कृतिक प्रावीण्य’ या कल्पनेऐवजी ‘सांस्कृतिक नम्रता’ अशी कल्पना मांडली. दुसऱ्याच्या संस्कृतीत प्रवीण होता येते हा समजच घातक आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी स्वतःला तपासत राहणे आणि समोरच्याकडून शिकत राहणे, हे न संपणारे काम आहे. शिवाय भिन्नता म्हणजे फक्त चालीरीतींची भिन्नता नव्हे. टेबलाच्या अलीकडे कोण बसतो आणि पलीकडे कोण, कुणाच्या हातात हजेरीपट आहे, कुणाची जात न विचारताच ठाऊक आहे, हेही त्यात येते. ‘संस्कृती’ हा शब्द कधी कधी जातीवरून नजर वळवण्यासाठी सोयीचा पडतो.

आणि नम्रता म्हणजे होकारही नव्हे. ‘बाहेरचं लागलं’ असे म्हणणाऱ्या आईशी वाद घालत बसणे निरर्थक. तिच्या त्या शब्दात मुलीविषयीची काळजी आहे, ती आधी ऐकावी. पण त्या समजुतीतून कुणाला मारहाण होत असेल, कुणा एकट्या बाईवर करणीचा आळ येत असेल, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो आपल्यासाठीच आहे. तसेच आपली मर्यादाही ओळखावी लागते. जिवाला धोका असेल, भ्रम होत असतील, तर भाषेच्या शिक्षकाने तिथेच थांबून डॉक्टरांकडे पाठवावे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, तो क्रमांक आम्ही आता प्रत्येक वर्गाच्या दाराशी लावला आहे.

पुन्हा केळकरांकडे येतो. सविकल्प समाधी आणि रॉजर्सचा ‘जणू’ यांतले साम्य आम्हाला अजूनही मोलाचे वाटते, पण फरकही दिसू लागला आहे. संस्कृत काव्यशास्त्रातला सहृदय हा काव्याच्या अभ्यासाने मन स्वच्छ झालेला रसिक असतो. कवी आणि रसिक यांचे संस्कार सारखे आहेत हे तिथे गृहीत आहे. संस्कार सारखे नसतील तर काय, हा प्रश्न ते शास्त्र फारसा विचारत नाही. दुसरे असे की पुस्तकातले पात्र वाचकाला कधी दुरुस्त करत नाही. आपण त्याला चुकीचे समजलो तरी ते गप्प राहते. समोर बसलेला माणूस मात्र आपल्याला दुरुस्त करू शकतो, आशा ताईंनी केले तसे, त्या मुलाने केले तसे. फक्त तेवढी मोकळीक त्याला मिळाली पाहिजे. त्या मुलीला ती आम्ही दिली नाही. तिला दुरुस्त करण्याची घाई आम्हालाच झाली होती.

मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते तेव्हाची गोष्ट इथे आठवते. पक्ष्यांची, झाडांची, पाण्याची किती तरी नावे त्यांनी इथल्या माणसांकडून घेतली आणि मराठीत आणली. अधिकारी असूनही शब्दांच्या बाबतीत ते शिष्य राहिले. त्या कामाला आज आपण साहित्याची श्रीमंती म्हणतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले ते इथून जवळच, साकोलीत. ‘ण’चा ‘न’ होणे आणि ‘ळ’चा ‘र’ होणे ही चूक नसून त्या बोलीची व्यवस्था आहे, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहून शिकवतो. ‘डोळा’चा ‘डोरा’ हे उदाहरण आमच्या टिपणांत होते. तरीही तो शब्द एका मुलीच्या हातून, तिच्या न आलेल्या झोपेविषयी, कागदावर उतरला तेव्हा आम्हाला तो चूक म्हणूनच दिसला. ज्ञान टिपणांत होते, हातात उतरले नव्हते. प्रशिक्षण कशासाठी हवे याचे याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नाही. सिद्धान्त कळण्यासाठी पुस्तक पुरते. सवय दिसण्यासाठी समोर कोणीतरी ‘‘सर, असं नाही’’ म्हणणारे लागते.

आता कक्षात अर्ज नाही. खुर्च्या समोरासमोर नाहीत. खिडकीशी एक बाक आहे आणि त्यावर शेजारी बसता येते. हातांना काम असावे म्हणून ग्रंथालयातली फाटकी पुस्तके आणि चिकटवायची खळ ठेवली आहे. पाने जोडता जोडता मुले बोलतात, काही नुसतीच पाने जोडून जातात. आम्ही ‘मग काय झालं’ असे विचारतो. प्रत्येक वेळी जमते असे नाही.

एक अडचण मात्र सुटलेली नाही आणि ती या ठिकाणी वाचणाऱ्या आमच्या समव्यवसायी मित्रांपुढे ठेवावीशी वाटते. सकाळी दहाच्या तासाला आम्हाला ‘पानी’ खोडून ‘पाणी’ लिहावेच लागते. स्पर्धा परीक्षेत त्या मुलाचे गुण जातील, मुलाखतीत त्याला हसतील, आणि तेव्हा आमची सांस्कृतिक नम्रता त्याच्या उपयोगाची नसेल. दुपारी बाराला तोच मुलगा खिडकीशी येऊन बसतो आणि तेव्हा तेच ‘पानी’ आम्हाला जसेच्या तसे ऐकायचे असते. दोन्ही वेळी माणसे तीच असतात. दहा वाजता ज्याने खोडले त्याच्यावर बारा वाजता विश्वास का ठेवावा? आमच्यापैकी जी बाकावर उभी राहिली होती, तिचे म्हणणे असे की खोडायच्या आधी एकदा तो शब्द मोठ्याने वाचावा, हा तुझ्या घरचा शब्द आहे आणि तो बरोबर आहे हे वर्गासमोर म्हणावे, आणि मग परीक्षेचा शब्द शेजारी लिहावा, त्याच्यावर नव्हे. दुसऱ्याला हे पुरेसे वाटत नाही. गुण देणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाचे असू नयेत असे त्याला वाटते. महाविद्यालयाला मात्र वेगळा समुपदेशक परवडत नाही.

हा वाद आम्ही बहुतेक वेळा कोहमाऱ्याच्या चौकातच घालतो, बस येईपर्यंत. तो अजून संपलेला नाही.